चपलांची रांग

प्रेम जन्मोजन्मीचं असतं. सरकारी दवाखान्यात मात्र ते केसपेपर काढल्यापासून धरतात.

सुरभीनं तर केसपेपरही काढला नव्हता. नऊ वर्षं मस्कतला नोकरी करून ती भिसेगावला परतली, ती पित्ताशयात खडा घेऊन. घरी दुसरं कोणी नाही. मंगळवारी मोफत ऑपरेशनच्या नोंदणीला गेली, तर खिडकीसमोर माणूस नाही — नुसत्या चपला, चौदा जोड, ओळीनं. देवळासारख्या काढल्या असतील म्हणून तिनं पायानं बाजूला सारल्या.

"ओ मॅडम," कडुलिंबाखालून आवाज आला, "मला लाथ मारलीत तुमी."

"मी चप्पल सरकवली."

"तोच मी. सातपासून उभा हाय."

हा जितेश, पळसदरीचा. आईला पायाच्या ड्रेसिंगला घेऊन आलेला. हसताना त्याचे डोळे बारीक होत... ते सुरभीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. निमूटपणे आपल्या चपला पंधराव्या लावल्या.

बाराला खिडकीतला बाबू म्हणाला, "रेशनकार्डात नाव नाय तुमचं."

"परदेशी गेले तेव्हा कमी केलं होतं."

"मग तुमी अजून तिकडंच."

"मी तुमच्यासमोर उभी आहे हो."

"कार्डात नाय."

ती अशी तणतणत निघाली की चपला रांगेतच राहिल्या.

नाव चढवायला खालापूरच्या तहसील कचेरीचे हेलपाटे सुरू झाले. दर मंगळवारी नवा कागद घेऊन ती दवाखान्यात येई, तर तिच्या चपला रांगेत पहिल्या, जितेशच्या चपलांना खेटून. परत मागितल्या की तो म्हणे, "ऱ्हाऊ द्या... पुढल्या मंगळवारी लागतील."

पाचव्या मंगळवारी नाव चढलेलं कार्ड खिडकीत सरकवून तिनं विचारलं, "आईंचा पाय कसा आहे?"

"बरा झाला. तीन आठवडे झाले."

"मग तुम्ही इथे कशाला येता?"

"तुमच्या चपला... एकट्या पडल्या असत्या."

तिच्या पोटात काहीतरी हललं. खडा नसावा.

बाबूनं मान वर केली. "तारीख मिळंल. पण सोबतीला माणूस लागतं, नायतर रद्द. कोण हाय तुमचं?"



"मी हाय," जितेश हळूच म्हणाला. "म्हंजे... तुमी म्हणाल तर."

"ऑपरेशनपुरतं?" बाबूनं विचारलं.

"नंतरचंही लिहा," सुरभी म्हणाली. मग जितेशकडे वळली. "आता तरी चपला द्या. महिनाभर मी न्हाणीतल्या स्लिपरवर खालापूर करतेय."