सोबत कोण आहे?

दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट अडकली, आणि तिचा जीवही. वर तिचं ऑपरेशन ठरलेलं. उशीर झाला की डॉक्टर पुढच्या पेशंटला आत घेणार!

"घाबरू नका," शेजारचा तरुण हत्यारांची पिशवी उघडत म्हणाला. "मी लिफ्टवालाच आहे."

"मग अडकली कशी?"

"तुम्ही आत आलात... थबकली बिचारी!"

तिला हसूच फुटलं – कितीतरी महिन्यांनी. अभंग गुणगुणत तो स्क्रू सोडवू लागला. परक्याजवळ कधीकधी मन आपसूक मोकळं होतं.

"गर्भ गेला, तेव्हा पिशवी साफ केली होती... त्यातून आत व्रण झाले. भिंती एकमेकींना चिकटल्यात. पाळीच बंद. आज दुर्बिणीतून सोडवणार."

"आणि घरचे?"

"नवरा म्हणाला, खोट तुझ्यातच. गेला सोडून."

त्याचं गुणगुणणं थांबलं. "दार चिकटलं की लोक लिफ्टलाच लाथ मारतात," तो हळूच म्हणाला.

लिफ्ट वर सरकली, दार उघडलं. ती धावतच काउंटरवर पोहोचली.

"सोबत कोण आहे?" सिस्टरने विचारलं. "भूल द्यायचीय. माणूस नसेल तर आज रद्द."

तिने वहिनीला फोन लावला. "अगं, मला नाही गं जमत आज..."

तिने फोन ठेवला. आता देवा, तूच!

"मी आहे," जिन्याकडे निघालेला तो मागे वळला.

"तुम्ही यांचे कोण?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या सोबतीला आलेत," ती म्हणाली.

"मग यांच्या चपला सांभाळा!" सिस्टर त्याला म्हणाली.

शुद्धीवर आली तेव्हा तो शेजारीच होता. मांडीवर तिच्या चपला, ओठांवर तोच अभंग.

"डॉक्टर म्हणाले, बरंच मोकळं झालंय. पुढचं मात्र... आत्ताच सांगता येत नाही."

"मूल नाहीच झालं तर?" तोंडून निसटलं, आणि तिने जीभ चावली. याला कशाला विचारलं?

"मी काही मूल मागायला थांबलो नव्हतो."

"मग?"

"चपला द्यायला." कानापर्यंत लाल होत तो खाली वाकला, चपला तिच्या पायांशी ठेवल्या. "आणि... घरी सोडायला. चालेल?"

तिने मान हलवली.

"जिन्याने, की लिफ्टने?"

"लिफ्टने."

"पुन्हा अडकली तर?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अडकू दे की!"