उपाशीपोटी या

डिसेंबरातल्या एका शनिवारची सकाळ होती. रायपूरच्या बुढापारा वस्तीतल्या छोट्याशा लॅबचं शटर शर्मिष्ठा वर ढकलत होती. ते अर्ध्यात अडकलं, तेवढ्यात मागून दोन हात आले आणि शटर सरसर वर गेलं. तिनं वळून पाहिलं. मफलर गुंडाळलेला एक उंच तरुण उभा होता... थंडीनं नाकाचा शेंडा लाल झालेला.

"लिपिड प्रोफाइल कराना था," तो म्हणाला.

फॉर्मवर त्यानं नाव लिहिलं – यशदीप वानखेडे, वय एकोणतीस. आडनाव पाहून ती मराठीवर आली.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

तो गडबडला. "एक... समोसा."

"समोसा?"

"छोटा था, मॅडम."

हसू दाबत तिनं फॉर्म परत केला. "बारा तास उपाशी राहून या. पाणी तेवढं चालेल."

पुढच्या शनिवारी तो दुधाचा चहा पिऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी जिलबी खाऊन. "दो ही खाई," असं त्यानं इतक्या साळसूदपणे सांगितलं, की तिला रागावताच येईना. रायपुरात सकाळी पोहा-जिलबीच्या गाड्यांसमोरून उपाशी जाणं कठीण, हे तिलाही मान्य होतं. पण शनिवारी आपण जरा लवकरच निघतो, आरशासमोर जरा जास्तच थांबतो... हेही तिच्या लक्षात आलं होतं.

"सुईची भीती वाटते का?" तिनं विचारलं.

"मी इथं जवळच, अभनपुरात जनावरांचा डॉक्टर आहो. दिवसभर म्हशींले सुया टोचून राहतो." पहिल्यांदाच तो मराठीत बोलला. मग हसू मावळलं. "बाबा बेचाळीसचे होते. काका चव्वेचाळीसचे. दोघंही हार्टनंच गेले. आई म्हणते, तपासून घे. मले ठाऊक आहे काय येणार ते... जोवर कागदावर येत नाही, तोवर बरं वाटते."

शर्मिष्ठानं हातातलं पेन खाली ठेवलं. तीन शनिवार आपण ज्याला थट्टा समजलो, ती भीती होती तर.

"कागदावर आलं नाही म्हणून रक्तातून जात नाही ना," ती हळूच म्हणाली. "उद्या या. मीही उपाशी राहते. मग दोघं मिळून नाश्ता करू."

तो आला. तिनं शीर शोधली तेव्हा त्याचा हात गार पडला होता. सुई टोचताना त्यानं नजर वळवली नाही, तो तिच्याकडेच पाहत राहिला. त्या दिवशी एकच गोष्ट थरथरली – शर्मिष्ठाच्या कानातला लोलक.

संध्याकाळी लॅबजवळच्या तलावाकाठच्या बाकावर तिनं रिपोर्ट त्याच्या हाती दिला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दोनशे अठ्ठेचाळीस. शंभराच्या आत असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, हे खाण्यापिण्याचं नाही, रक्तातून वारशानं आलंय. गोळी आता रोजची, जन्मभराची.

जानेवारीभर ते भेटत राहिले. तो तिला गावातल्या म्हशींच्या गमती सांगायचा, तिच्याकडून रोज "गोळी घेतली?" असं विचारून घ्यायचा. विचारायला ती विसरली तर स्वतःच म्हणायचा, "आज काहून विचारलं नाही?" मग फेब्रुवारीत त्याचे फोन बंद झाले. मेसेजला उत्तर नाही. आठ दिवस तिनं वाट पाहिली. नवव्या दिवशी सुट्टी टाकली आणि तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी "अभनपुरात काम आहे" एवढंच सांगून बस पकडली.

तो दवाखान्याच्या आवारात एका गायीला लस टोचत होता. तिला पाहून त्याचा हात थबकला.

"फोन काहून उचलत नाही?" तिनं त्याच्याच बोलीत विचारलं.

त्यानं आधी लस टोचून संपवली. गायीचा मालक गाय घेऊन गेल्यावर म्हणाला, "गोळीनं पोटऱ्या लय दुखून राहिल्या होत्या. पंधरा दिवसांपासून गोळी बंद केली. अन् आईकडे पाहिलं... वीस वर्षं झाली, एकटीनं काढली तिनं. तुझ्यावर तसे दिवस कशाले? तू दुसरं कोणी पाहा, शर्मिष्ठा."

तो पहिल्यांदाच "तू" म्हणाला होता, आणि तेही निरोप देण्यासाठी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिनं खंबीर ठेवला.

"तुमच्या बाबांना हे होतं, हे त्यांना कधी कळलंच नाही. कोणी तपासलं नाही, गोळी कोणी दिली नाही. तुमच्याजवळ रिपोर्ट आहे, औषध आहे. आणि तुम्ही ते टाकून बसलात. पाय दुखले तर डॉक्टरला सांगायचं असतं. म्हशीनं औषध थुंकलं तर तुम्ही काय करता, सोडून देता?"

"नाही... दुसऱ्या तऱ्हेनं पाजतो."

"मग?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. "म्हैस म्हणून राहिली मले?"

"म्हैस शहाणी असते," ती म्हणाली, आणि मग मात्र रडू आवरलं नाही. त्यानं हात पुढे केला... हाताला लसीचा वास होता, तरी तिनं तो सोडला नाही.

त्याच संध्याकाळी दोघं डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी एक रक्ततपासणी करून घेतली, गोळी बदलली, मात्रा कमी केली आणि जोडीला दुसरी गोळी दिली. पोटऱ्यांचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरलं. फोन पुन्हा वाजू लागले.

मे महिन्याच्या अखेरीस नवा रिपोर्ट आला. उन्हानं तलावाचं पाणी चमकत होतं. काठावरच्या कडुलिंबाखाली यशदीपनं आकडा वाचला – ब्याण्णव. पुन्हा वाचला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गंभीर झाला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "हे पुढे जाते. वारशानं. मुलांले असू शकते... अर्धा-अर्धा चान्स."

शर्मिष्ठानं भुवई उंचावली. "कोणाच्या मुलांले?"

त्याला आपण काय बोललो ते उमगलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला. पाण्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडे.

"आपल्या," तो म्हणाला.

ती सरकून त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. मग म्हणाली, "लहानपणीच तपासून घेऊ. पण आधी तुमच्या आईंना सांगा... आजच सांगा. मी येते संगं."