पेल्यांच्या बुडाशी

चांदीच्या पेल्यावर श्वास सोडला की पेला खरं बोलतो, असं भिंगबाई म्हणायच्या. त्यांचं खरं नाव धंद्यात कुणी घेत नसे. एकतीस वर्षं गळ्यात भिंग अडकवून त्या जुन्या चांदीवरचे ठसे वाचत आल्या होत्या. घडवणाऱ्याचा ठसा, चांदीच्या कसाचा ठसा, तपासणी झाली त्या शहराचा ठसा आणि वर्षाचं अक्षर. चार ठसे जुळले की पेला अस्सल. पण लबाड लोक जुन्या मोडक्या चमच्यावरचे खरे ठसे कापून नव्या पेल्याच्या बुडाला डाक देऊन झाळतात, आणि वर इतकी सफाई करतात की भिंगही फसतं. श्वास मात्र फसत नाही. वाफ धरली की झाळलेला सांधा केसासारखा उमटतो, दोन क्षण दिसतो आणि विरून जातो.

त्या दिवशीचं काम साधं होतं. एका जुन्या घरातले अकरा पेले तपासून कागदावर सही करायची. घरात दोघंच, दादासाहेब आणि त्यांची थोरली बहीण. पेले त्यांच्या आजोबांनी जमवलेले. रविवारी ते संग्रहालयात मांडले जाणार होते, दालनाला आजोबांचं नाव मिळणार होतं.

"जेवायच्या वेळेपर्यंत मोकळ्या व्हाल," दादासाहेब पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. माणूस गोड बोलणारा होता. वर जिन्याच्या तोंडाशी ताई उभ्या होत्या. त्या खाली आल्या नाहीत. "फार वेळ नका लावू हं," एवढंच म्हणाल्या.

तळघरात लोखंडी दाराची खोली होती. आत टेबल, दिवा, फडक्यावर उपडे मांडलेले पेले. खिडकी नाही. हवेला जुन्या राखेचा वास.

"दार लावून घेतो. पेले बाहेर काढलेले असताना उघडं ठेवायचं नाही, आजोबांपासूनचा नियम. मी बाहेरच बसलोय."

दार स्वतःच्या वजनानं मिटलं आणि बाहेरून किल्ली फिरली. बाईंनी सवयीनं मागे पाहिलं. दाराला आतून कडी नव्हती, मूठ नव्हती. नुसता गुळगुळीत पत्रा.

पहिला पेला देखणा होता. चारही ठसे ठसठशीत. बाईंनी तो उलटा धरला, तोंडाजवळ नेला आणि हलकेच श्वास सोडला.

सांधा उमटला. पेला नकली होता. पण सांध्याच्या कडेनं आणखी काहीतरी उमटलं. कुणीतरी टोकदार हत्यारानं कोरून नंतर घासून टाकलेली बारीक अक्षरं. वाफ विरली. बाईंनी पुन्हा श्वास सोडला.

*हा झाला की उघडतो म्हणालेत.*

त्यांना आधी अर्थच लागला नाही. दुसरा पेला घेतला. सांधा तसाच, अक्षरंही तीच. हा झाला की उघडतो म्हणालेत. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर ओळ तिरकी गेलेली. पाचव्यावर 'म्हणालेत' खोडून पुन्हा लिहिलेलं, जणू लिहिणाऱ्यालाच खात्री उरली नव्हती.

भिंगबाईंनी पेला खाली ठेवला. या खोलीत कुणीतरी बसून हे ठसे झाळले होते. एकेक पेला करत. बाहेरून बंद दाराआड.

त्यांनी उठून दारावर थाप मारली. "दादासाहेब, उघडा. पेले नकली आहेत."

बाहेर खुर्ची सरकली. मग दाराला अगदी चिकटून आवाज आला. "नीट बघा, बाई."

"बघितलं नीट. ठसे झाळलेले आहेत. मी सही करणार नाही."

"आजोबांचं नाव आहे हो त्यांच्यावर... कागद तिथंच ठेवलाय. एवढी एक सही झाली की उघडतो."

धमकी त्यांनी धंद्यात पूर्वीही ऐकली होती. पण हे वाक्य त्या माणसाचं वाटेना. कुणीतरी त्याच्या तोंडून जुनंच बोलत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. हवा जड झाली, दिव्याभोवती पिवळं धुकं धरलं. सही करून सुटावं, असं मनात येऊन गेलं. वर जाऊन फाडता येईल की कागद. त्यांनी पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात सहावा पेला दिसला.

त्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता. तरी त्याच्या बुडावर वाफ होती.

ती विरली. पुन्हा आली. विरली. पुन्हा आली. अगदी संथपणे, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तशी. बाईंनी बोट टेकवलं. चांदी गरम होती. मग सातव्यावर वाफ आली, मग आठव्यावर, ओळीनं अकराव्यापर्यंत, आणि प्रत्येकावर तोच सांधा उमटला... आणि टेबलाच्या पलीकडच्या काठावरून, जिथं कुणी नव्हतं तिथून, छोटी हातोडी छिन्नीवर पडावी तसा आवाज झाला.

टक्... टक्...

"कोण आहे?" बाईंनी विचारलं.

टक्. मग थांबला. जणू त्यांच्या सहीची वाट बघत होता.

उभ्या आयुष्यात भिंगबाईंनी पेला फडक्याशिवाय टेबलावर ठेवला नव्हता. त्यांनी तो सहावा पेला मुठीत धरला आणि दारावर हाणला. एकदा, दोनदा, दहादा. चांदी चेपली, हात रक्ताळला. "ताई!" त्या ओरडल्या, "ताई, उघडा हो!"

दार उघडलं तेव्हा समोर ताई होत्या, हातात दुसरी किल्ली. दादासाहेब खुर्चीवर बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, पापणी न हलवता. ताईंनी बाईंना बखोट धरून वर ओढलं.

स्वयंपाकघरात बसवून, पाणी देऊन त्या म्हणाल्या, "लहानपणी आम्हाला त्या पायऱ्यांवर खेळू देत नसत. आजोबा म्हणायचे, खाली काम चाललंय. वर्ष-दोन वर्षं चाललं होतं. मग एक दिवस म्हणाले, झालं काम." त्यांनी पाण्याचं भांडं पुन्हा भरलं. "खालून वर येताना मी कुणाला पाहिलं नाही, बाई. कधीच नाही."

भिंगबाईंनी तिथंच बसून एका कोऱ्या कागदावर लिहिलं, 'सर्व पेले नकली', आणि खाली सही केली. ताईंनीच तो संग्रहालयात पोचवला. दालनाला आजोबांचं नाव लागलं नाही.

महिन्याभरानं ताईंचा फोन आला. आवाज दबका होता.

"दार काढून टाकलं, बाई. बिजागऱ्या कापून घेतल्या. चार माणसांनी उचलून भंगारात नेलं."

"बरं केलंत."

"हो... म्हटलं, कुणी असेल तर जाईल बिचारा." ताईंनी आवाज आणखी खाली आणला. "पण दादा आता दिवसभर तिथंच जाऊन बसतो. त्या टेबलापाशी. चौकट सताड उघडी आहे, मी समोर उभी असते. जेवायला चल म्हटलं की माझ्याकडेच बघतो. आणि म्हणतो..."

"काय म्हणतात?"

"म्हणतो, ताई, आधी दार उघड ना."