आतून न उघडणारी दारं

प्रगतीला गाडी हवी होती ती शाळेत शिकवायला जायला. तेलंगणातल्या बोथमध्ये ती आणि तिचे वडील देवाजी, अशी दोघंच राहायची. शाळा बाजारहत्नूरच्या पलीकडे, सागाच्या रानाला टेकलेल्या एका गावात. सकाळची बस हुकली की ऑटोत दहा माणसांमध्ये अकरावी होऊन जायचं, आणि संध्याकाळी परतीला तेही मिळेल की नाही याचा भरवसा नाही. त्यातच मागच्या वर्षी देवाजींच्या छातीचं दुखणं निघालं. महिन्यातून एकदा त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात न्यावं लागे. एखादी जुनी गाडी आणावी आणि आपल्या हातानं नीट करावी, हे तिच्या मनात फार दिवसांपासून होतं. घरातलं शिलाई मशीन असो की पाण्याची मोटर, बिघडलेलं उघडून बसायची सवय तिला लहानपणापासूनच होती.

गाडी सापडली बेज्जूरकडे. कुसुमबाई नावाच्या एका विधवेच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली, ती तेरा वर्षं उभी होती. लहानशी, चौकोनी, कधीकाळी पांढरी. टपावर मोहाची फुलं सडून काळा थर बसला होता आणि चाकं जमिनीत रुतली होती. कुसुमबाईचा नवरा लखन एका लाकूड ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. ठेकेदार मुलूख सोडून गेला तेव्हा गाडी लखनलाच देऊन गेला होता.

"कापून भंगारात देशीन ना, बाई?" कुसुमबाईनं विचारलं.

"नाई मावशी. दुरुस्त करून रोज चालवनार आहो मी."

कुसुमबाई तिच्याकडे बघत राहिली. मग घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली. ट्रॅक्टरला बांधलेली गाडी अंगणाबाहेर निघून रस्त्याला लागली, तरी ते दार उघडलं नाही.

बोथला मारोती मिस्त्री घरीच यायला लागला. पन्नाशीचा, अबोल, हाताचा पक्का माणूस. त्यानं आधी इंजिन उतरवलं. तळाचा पत्रा इतका सडला होता की आतून हात घातला तर बोटं अंगणाच्या मातीला लागत. तिथं नवा पत्रा जोडला. कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजत पडला. क्लचची प्लेट, ब्रेकचे लायनर, सगळी वायरिंग, एकेक नवं होत गेलं. प्रगती शाळेतून आली की जुना ड्रेस चढवून घासकागद हातात घ्यायची आणि दिवस मावळेपर्यंत गंज घासत बसायची. खांदे दुखायचे. पण कामात जीव रमायचा.

दुसऱ्या आठवड्यात मागची सीट निघाली. फाटक्या रेक्झिनखालचा फोम काळा पडला होता आणि लाकडासारखा कडक झाला होता. मारोतीनं नखानं खरवडून बोट नाकाशी नेलं.

"ऑइल सांडलं असन," प्रगती म्हणाली.

"ऑइलले असा वास नाई येत, मॅडम," तो हळूच म्हणाला, आणि बोट मातीत पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

मग त्यानं मागची दारं पाहिली. दोन्ही दारांची आतली हँडलं नव्हती. तुटली नव्हती, करवतीनं कापली होती. काच खाली करायची मूठही तशीच, मुळापासून कापलेली.

"हे काऊन कापलं असन?" प्रगतीनं विचारलं.

"लेकरं असतीन," देवाजी बाजेवरून म्हणाले. "धावत्या गाडीत दार उघडतात लेकरं."

देवाजींनी अडतीस वर्षं तहसिलीत दफ्तर सांभाळलं होतं. जगात जे काही घडतं त्याला कचेरीच्या फायलीत लिहिता येईल असं कारण असतंच, यावर त्यांची श्रद्धा होती. रोज सकाळी न चुकता बुद्धवंदना म्हणायचे, आणि भूतखेताची गोष्ट घेऊन कोणी आलं तर त्याला फाटकाशीच थांबवायचे.

चार दिवसांनी मारोतीचा हात गेला. भर दुपारची वेळ होती. गाडी जॅकवर उचललेली, मागचं चाक काढलेलं, आणि मारोती आडवा होऊन ब्रेकच्या ड्रमखाली हात घालून लायनर बसवत होता. प्रगती त्याला पाने देत होती. गाडीत कोणी नव्हतं. आणि एकाएकी गाडीचा मागचा भाग हादरला. आतून कोणीतरी दोन्ही पायांनी दारावर लाथा घालाव्यात तसा. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या हादऱ्याला जॅक निसटला. हाडं मोडल्याचा आवाज प्रगतीनं अगदी जवळून ऐकला, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर पाय पडल्यासारखा. मारोती ओरडला नाही. तोंड उघडं ठेवून नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिनं आणि देवाजींनी गाडी उचलून धरली तेव्हा त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांचा चेंदा झाला होता.

"जमीन भुसभुशीत आहे," देवाजी संध्याकाळी म्हणाले. "जॅकखाली फळी टाकाले पायजे होती."

प्रगतीनं मान डोलावली. पण फळी टाकलेली होती. तिनंच टाकली होती.

उरलेलं काम तिनंच केलं. मारोती हाताला पट्टी बांधून फाटकाबाहेर खुर्चीवर बसायचा आणि तोंडानं सांगायचा, पण आत पाऊल टाकत नसे. त्याच दिवसांत तिचा जबडा दुखायला लागला. नट आवळताना आपण दात आवळून बसतो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. वर्गात एका पोरीनं पाटी पाडली तर प्रगतीला इतका संताप आला की तिनं स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले.

नवी सीट बसवली त्या दिवशी शेजारच्या बयनाबाईचा कुत्रा उघड्या दारातून आत चढून सीटवर झोपला. प्रगती हौदावर हाताला साबण लावत होती, एवढं तिला पक्कं आठवतं. कुत्र्याचं केकाटणं कानावर आलं. मग ओल्या कापडानं धुण्याचा दगड बडवावा तसे आवाज, एकामागून एक, सावकाश. त्यानंतरचं तिला आठवतं ते हे, की ती गाडीच्या दाराशी उभी होती, कुत्रं सीटवर पडलं होतं आणि त्याचा खालचा जबडा कातड्याला लोंबत होता. डोळे उघडे होते. जीव गेला होता.

"रानडुकरानं मारलं," देवाजींनी बयनाबाईला सांगितलं. भर वस्तीत, दिवसाढवळ्या, गाडीच्या आत शिरून रानडुकरानं मारलं. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

प्रगतीनं सीट धुतली. गाडी परत करावी असं एकदा तिच्या ओठांवर आलं. पण इंजिन त्याच संध्याकाळी पहिल्यांदा सुरू झालं, आणि त्याचा तो एकसारखा, मऊ घुरघुराट ऐकत दोघंही गाडीजवळ उभी राहिली. इतक्या दिवसांच्या श्रमाचं चीज झालं होतं.

रविवारी सकाळी अकराला ती शाळेपर्यंत जाऊन यायला निघाली. पुढची डावी सीट अजून शिवणाऱ्याकडे पडून होती, म्हणून देवाजी मागं बसले. प्रगतीनंच बाहेरून दार लावलं. आतली हँडलं आदिलाबादहून यायची होती.

ऊन स्वच्छ होतं. पळस फुलला होता. सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडली होती आणि चाकांखाली कुरकुरत होती. वाटेत दोन बैलगाड्या लागल्या, मग रान सुरू झालं आणि रस्ता मोकळा झाला.

"चांगली चालून राह्यली," देवाजी मागून म्हणाले.

मग वास आला. बिडीचा, घामाचा, आणि त्याखाली ओल्या लोखंडाचा. प्रगतीनं काच खाली केली. वास गेला नाही.

आरशात तिनं वडिलांचं डोकं एकदम उजवीकडे फेकलेलं पाहिलं.

"बाबा?"

"मले…" देवाजी गालावर हात ठेवून म्हणाले. "प्रगती, मले कोनी मारलं?"

त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. सीट रिकामी होती, तिच्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. दुसरा तडाखा नाकावर बसला. नाक एका बाजूला वळलं आणि रक्त पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. त्यांनी दोन्ही हात तोंडासमोर धरले. हात कोणीतरी धरून खाली ओढले, दोन्ही मनगटं मांड्यांवर दाबली, आणि मग ठोसे सुरू झाले. घाई नव्हती त्यात. एक बसला की थोडं थांबून दुसरा, जसं कोणी मध्ये विचारत असावं, ऐकत असावं, आणि उत्तर पटलं नसावं. ओठ फाटला. बरगडीवर काहीतरी आदळलं आणि देवाजींचा श्वास शिट्टीसारखा निघाला.

"वद्दु…" ते म्हणाले. "वद्दु सार… नेनु कादु…" नको साहेब, मी नव्हे. कचेरीबाहेर तेलुगू न बोलणारे तिचे वडील एका अनोळखी, कोवळ्या आवाजात गयावया करत होते.

प्रगतीनं ब्रेक दाबला. तिला आठवतं तसं गाडी ओढ्यावरच्या एका मोरीजवळ थांबली. ती उतरली. मागचं दार ओढलं. बाहेरून उघडणारं ते दार उघडेना. आत वडिलांचं डोकं काचेवर आपटत होतं, पुन्हा पुन्हा, काचेला रक्ताचा गोल ठसा उमटत होता. तिनं चाकाचा पाना घेऊन काच फोडली, आत हात घालून त्यांना काखेत धरलं आणि खिडकीतूनच ओढून रस्त्यावर आणलं. तेव्हा कुठे सगळं थांबलं. रान चूप झालं. इंजिन मात्र चालूच होतं, मऊ, एकसारखं. पाऊण तासानं कापसाचा एक टेम्पो आला आणि त्यानं दोघांना उचललं.

आदिलाबादच्या दवाखान्यात देवाजींचा जबडा तारेनं बांधला. नाक मोडलं होतं, तीन बरगड्या मोडल्या होत्या. पोलीस आला, त्यानं विचारलं, "कोणी मारलं?" देवाजींनी डोळे मिटून घेतले. जन्मभर इतरांचे जबाब नीट लिहून घेणाऱ्या माणसाला स्वतःचा जबाब देता येईना. प्रगतीनं सांगितलं, रस्त्यात चोरांनी अडवलं.

रूपाली नावाची नर्स तिच्या तळहाताच्या जखमेत काच आहे का ते बघत होती. तिनं प्रगतीचा हात पालथा केला आणि थांबली. दोन्ही हातांची बोटांची पेरं निळी पडून टम्म सुजली होती. उजव्या मुठीवर दोन खोल, अर्धगोल खुणा होत्या.

"काच फोडली ना मी," प्रगती म्हणाली.

"काचेनं कापते, मॅडम. हे… दाताचं आहे."

प्रगती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तिनं कुसुमबाईला फोन लावला. गाडीत काय घडलं होतं, ते विचारलं.

"ठेकेदाराचं लाकूड चोरलं म्हनून पकडलं होतं एका पोट्ट्याले," कुसुमबाई म्हणाली. "गाडीत टाकून दिवसभर रानात फिरवलं. मेला तो. माहा नवरा घरी येऊन रडे. म्हने, मी तर नुसती गाडी चालवत होतो, कुसुम… मी मांगं वळूनसुदिक नाई पाह्यलं."

"मंग मारलं कोनं?"

"तेच तर, बाई. गाडीत तिसरं कोनीच नोतं म्हने. आन् माह्या नवऱ्याचे हात सुजेल होते. चमचा धरता ये नाई. मरेपर्यंत म्हने, मी नुसती गाडी चालवत होतो…"

फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवाजींना थोडं बोलता यायला लागलं. तारेतून शब्द अर्धवट निघत. प्रगती पाण्याचा पेला घेऊन वाकली तसे ते भिंतीकडे सरकले. ही त्यांची लेक होती, तिच्या हातचं पाणी ते तीस वर्षं पीत आले होते.

"बाबा, मी आहो."

"मालूम आहे मले. तूच होतीस."

"मी गाडी चालवत होती, बाबा."

देवाजींनी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहून पट्टीत जिरत होतं.

"तू मांगं होतीस. माह्याजवळ. माहे हात धरले तू…"

प्रगती खुर्चीवर बसली. वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडच्या खाटेवर कोणीतरी संत्रं सोलत होतं. तिला हसू आल्यासारखं झालं, आणि मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली.

"बाबा," तिनं अगदी हळू विचारलं, "मी मांगं होती… तं गाडी कोन चालवत होतं?"

देवाजींनी मनगटानं डोळे पुसले.

"पाठमोरा होता," ते म्हणाले. "तोंड नाई दिसलं मले. पन तो आरशातून तुह्याकडे पाहे… दर बारीले काईतरी विचारे तुले."

"काय विचारे?"

"ते नाई समजलं, बाई. पन तू हासत होतीस… आन् त्याले हो म्हनत होतीस."