उंबऱ्याकडचा हुंकार

१९९८ साली घाटघरच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा वडील मला सोडायला आळ्याहून आले होते. माझ्या ट्रंकेतली पुस्तकं पाहून म्हणाले, "प्रबुद्ध, ह्या पुराणांतनं आपून कसंबसं भाईर पडलो, आन तू ती पैसं देऊन घरात आनतो व्हय?" मी म्हणालो, "दादा, कादंबऱ्या हायेत. मानसांनी लिवल्यात." त्यांना काही ते पटलं नाही. मला मात्र पुराणं नव्यानं सांगणाऱ्या कादंबऱ्यांचा आणि उडत्या घोड्यांच्या अद्भुत गोष्टींचा भारी नाद होता, आणि भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. दोन्ही गोष्टी एका डोक्यात सुखानं नांदत होत्या.

सोमाजीबाबा आणि सखूमावशी या नवराबायकोच्या घरात मी भाड्यानं राहायचो. तिन्हीसांजेला मावशी नाचणी पाखडायची, बाबा दोर वळायचे, आणि वीज असली तर मी मोठ्यानं वाचायचो. मावशी म्हणजे महाकठीण श्रोती. उडता घोडा आला की विचारायची, "त्येला चारा कोन घालतं, गुरुजी?" लेखकानं ते लिहिलेलं नाही म्हटलं की नाक मुरडायची. "मंग उपाशीच उडतोय म्हना." एखाद्या राजकन्येनं शाप दिला की बाबा मान हलवायचे, "बापानं लई लाडावून ठेवलीया."

पहिल्याच दिवशी मावशीनं मला एक गोष्ट बजावली होती. वाक्य संपलं की थांबायचं, आणि ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. "हुंकार न्हाई दिला तर गोष्ट वाट चुकती," ती म्हणायची, "भलत्याच्याच घरी जाती." मग मी दर वाक्याला तिच्या हुंकारासाठी थांबायचो. सवयीनं मला ते आवडायलाही लागलं.

मार्चमध्ये मी एक जाड कादंबरी काढली. रानात राहणारी राक्षसीण, तिला टाकून गेलेला राजपुत्र, आणि बापाच्या युद्धाची हाक येताच घर सोडून निघणारा तिचा मुलगा. कथा जुनीच, पण लेखिकेनं ती आईच्या तोंडून सांगितली होती. उडत्या घोड्याला धारेवर धरणारी मावशी इथं एकही शंका काढेना. नाचणीचं सूप मांडीवर तसंच राहायचं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा भागू ऐन मिसरूड फुटायच्या वयात, भर पावसात नाणेघाट उतरून कोकणात कामाला गेला, तो परत आलाच नाही. बाबांना वाटे, आता त्याचे दिवस घालावेत, पोराला मोकळं करावं. मावशी तो विषय निघू देत नसे. ती रोज त्याच्या वाटणीची भाकरी टोपलीत झाकून ठेवायची.

मुलगा आईचा निरोप घेतो ते प्रकरण चाललं होतं, तेव्हा मला दोन हुंकार ऐकू आले. एक मावशीचा. दुसरा तिच्या किंचित आधी, उंबऱ्याकडून, आवाज नुकता फुटलेल्या पोराचा. मी उठून बाहेर पाहून आलो. अंगण मोकळं होतं, बैल रवंथ करत बसला होता. आत येऊन पुढचं वाक्य वाचलं, तर पुन्हा तेच.

"मावशी, आणखी कोण हुंकार देतंय?"

"कोन न्हाई. तुमी वाचा," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी गोठ्यात बाबा हळूच म्हणाले, "भागू हाय त्यो. तिला बी ऐकू येतं, गुरुजी. पर तिनं व्हय म्हनलं तर पोरगं गेलं आसं व्हतं. जित्या मानसाचा आवाज आसा येत न्हाई." भुतावर माझा विश्वास नव्हता, पण मावशीची मला फार माया वाटत होती.

म्हणून त्या संध्याकाळी मी लबाडी केली. पुढच्या प्रकरणात मुलगा रणात पडतो, हे मला माहीत होतं. पानावर डोळे ठेवून मी मनचंच वाचू लागलो. युद्ध संपलं, मुलगा रानाच्या वाटेला लागला.

"हूं," मावशी म्हणाली. उंबऱ्याकडून काहीच आलं नाही.

आईनं त्याला लांबूनच ओळखलं, असं मी वाचलं.

"हूं." मावशीचे डोळे भरले होते.

तेवढ्यात उंबऱ्याकडून आवाज आला, "न्हाई."

साधाच होता, हळू. रागावलेला नव्हता.

बाबांचे दोर वळणारे हात थांबले. मावशी सुपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "लिवलंय तेच वाचा. त्येला ठावं हाय."

मग पुस्तकात होतं तसंच मी वाचलं. बाण लागला ते वाचलं, तो पडला ते वाचलं. मावशीचा आणि त्याचा हुंकार आता एकदमच येत होता, आणि दर वाक्याला त्याचा हुंकार उंबऱ्यापासून थोडा अलीकडून येत होता. मला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं. मी मान वर केली नाही.

प्रकरण संपलं.

"संपली रं बाळा गोष्ट," मावशी म्हणाली. "आता नीज. तुजा बाप तुला मोकळं करील."

"हूं."

हा हुंकार तिच्या मांडीवरून आला.

तेव्हा मी पाहिलं. ती हलक्या हातानं थोपटत होती, आणि तिचा हात मांडीच्या वीतभर वरच थांबत होता. खाली तिच्या लुगड्यावर ओल पसरत चालली होती, डोक्याएवढी.