काळ्या बोटांचा छडा

“अण्णा, आपण बारशाला जाणार, की एकदम बाळाच्या मुंजीला?” नलूने विचारले.

अण्णा मोटरसायकलपुढे उकिडवे बसले होते. ते नलूचे वडील, भोरमधले डॉक्टर. माणसे त्यांच्या हातून बरी होत, मोटरसायकल होत नसे.

“झाकणाआड काजळी धरलीय,” ते म्हणाले. “ती पुसली की गाडी सुरू! पण हे तीन स्क्रू बघ. काल खाच होती, आज वाटी झालीय! कुणीतरी मुद्दाम करतंय!”

एकोणीसशे अडतीसचा मे महिना होता तो. भोरहून वेल्ह्याला तेव्हा एसटी नव्हती. बैलगाडीने पोचेपर्यंत बाळ रांगत सामोरे आले असते. नलूची आई वेल्ह्याला माहेरी होती आणि परवा बाळाचे बारसे होते. नाव ठेवायचे आत्याने, आणि आत्या तर इथे भोरमध्ये! नलूने तिला ‘उपेंद्र’ हे नाव सुचवून ठेवले होते. पण वेल्ह्याच्या आजोबांचा निरोप आला होता : आत्या वेळेवर पोचली नाही, तर आम्ही आमच्या वडिलांचे नाव ठेवून मोकळे होऊ. त्यांच्या वडिलांचे नाव होते दगडोपंत.

“दगड्या!” नलूचा चुलतभाऊ बंडू म्हणाला. “तुझा भाऊ दगड्या!”

“गप रे! आधी हा चोर शोधू.”

“चोर कसला?” पलीकडच्या आळीतला ज्ञानू म्हणाला. “चोरानं न्हेलं काय? उलट ह्यो रोज येऊन स्क्रू आवळतोय. लई इमानदार चोर हाय!”

तिघे अंगणातल्या आंब्याच्या अढीजवळ बसले. विचार करताना आंबे खावेच लागतात. तिसऱ्या आंब्याला नलू उठली आणि आत्याने बाळासाठी पाडलेल्या काजळाची डबी घेऊन आली. तिन्ही स्क्रूंना तिने जाड काजळ फासले.

“आता दुपारी सगळे झोपले की तो येईल,” ती म्हणाली, “आणि रंगून जाईल!”

दुपारभर तिघे माळ्यावर लपून बसले. तिथे इतका अंधार होता, की तिघेही गाढ झोपले.

जाग आली ती चहाच्या कपांच्या आवाजाने. बंडू कपाळ बडवून घेत खाली धावला आणि दारातच थबकला.

“नलू,” तो कुजबुजला, “चोर सापडला. पण जरा जास्तच सापडला.”

घरातल्या आजोबांचा अंगठा काळा होता. आत्याची दोन बोटे काळी होती. कंपाउंडर रखमाजीचा तर कानही काळा होता, कारण त्याला विचार करताना कान खाजवायची सवय होती. आणि कपबशी धरलेला अण्णांचा हात कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसत होता!

“हात वर!” नलू ओरडली.

सगळ्यांनी हात वर केले. अण्णांनी कपबशीसकट.

“मी आपलं अडकित्त्यानं जरासं...” आजोबा म्हणाले. “परवा माझी नात त्या गाडीत बसणार. झाकण सुटलं म्हणजे?”

“मी सांडशीनं!” आत्या म्हणाली. “खडखड वाजत होतं मेलं!”

“म्या गोळ्या काढायच्या चमच्यानं,” रखमाजी म्हणाला. “डाक्टरसायब घाटात पडू नये म्हून.”

“आणि अण्णा, तुम्ही?”

“उघडण्याआधी,” अण्णा हळूच म्हणाले, “घट्ट आहे का, ते स्क्रू-ड्रायव्हरनं पाहत होतो.”

चार शहाणी माणसे, चार अवजारे, आणि सगळ्यांनी पिळले ते उजवीकडेच!

नलूने चौघांना माजघरात बसवले आणि बाहेरून कडी घातली. कुणीही तक्रार केली नाही. मग स्क्रूंवर घासलेट ओतून ते रात्रभर मुरू दिले. सकाळी चहा पाजून चौघांना पुन्हा आत बसवले आणि कामाला सुरुवात झाली.

“लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलं की आई काय करते?” नलूने विचारले.

“शेजारणीला हाक मारते,” बंडू म्हणाला.

“गरम फडकं लावते, गाढवा!”

उकळत्या पाण्यातून वाफाळती फडकी निघू लागली. झाकण तापले. ज्ञानूने त्याच्या काकांच्या सायकलच्या दुकानातून लोखंड कापायची करवत आणली होती. बंडूने करवतीने स्क्रूच्या वाटीच्या मधोमध नवी खाच पाडली. त्यात स्क्रू-ड्रायव्हर घट्ट बसवून, वर हातोडीचा एक ठोका देऊन नलूने डावीकडे जोर लावला.

कर्रर्र!

“हालला!” ज्ञानू नाचायला लागला.

“उजवीकडे पिळा!” माजघरातून आजोबा ओरडले.

“आजोबा!!!”

दुसराही निघाला. तिसऱ्याचे डोके इतके झिजले होते, की खाच कुठे पाडणार? ज्ञानूने त्याच्या कडेला छिन्नी तिरकी टेकवली.

“हळू हळू मारायचं. रुसलेल्या म्हशीला उठवतात तसं.”

टक. टक. टक. नलूने श्वास रोखला. टक! स्क्रू केसभर डावीकडे सरकला, मग बोटभर, आणि टण्णकन फरशीवर पडला!

अण्णांना एकट्याला बाहेर सोडण्यात आले. त्यांनी काजळी पुसली, ज्ञानूने दुकानातून आणलेले नवे स्क्रू नलूने स्वतः बसवले, आणि गाडी अशी काही फटफटली, की आळीतल्या साऱ्या कोंबड्या देवळात जाऊन बसल्या. मग माजघरातून सुटलेल्या आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आमच्या अकला गंजल्या होत्या रे. बरं झालं तुम्ही होतात!”

बारशाच्या दिवशी पहाटेच गाडी निघाली. आत्या आणि नलू गाडीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात, गुडघ्याला गुडघा लावून. वाटेतल्या विंझर गावात पोरे मागे धावली. समोर तोरणा उन्हात उजळत होता. म्हातारपणीसुद्धा नलूला त्या सकाळचा वास आठवे : धूळ, करवंदे आणि घासलेट.

पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. वेल्ह्याचे आजोबा ‘द’ म्हणायला तोंड उघडतच होते. आत्या धुळीने माखलेली तशीच आत घुसली आणि बाळाच्या कानाशी वाकली, “कुर्रर्र... उपेंद्र!”

उपेंद्रने डोळे उघडले, नलूचे बोट पकडले आणि इतके घट्ट आवळले, की ते सुटेचना.

“थांब,” अण्णा खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपत म्हणाले, “मी बघतो.”

“मुळीच नाही!” नलू म्हणाली. “राहू दे तसंच.”