खांडीची हाक

गडबच्या फाट्यावर जीप थांबली आणि म्हातारा हिरामण बर्फाचा डबा काखोटीला मारून खाडीकडे चालू लागला. दवाखान्याचा शिपाई तो. पोलिओचे डोस पाजायचं ते पहिलंच वर्ष. बर्फ वितळायच्या आत डब्यातले थेंब वाडीतल्या पोरांच्या तोंडात पडायला हवे होते. गेल्या पावसाळ्यात तिथल्याच लहानग्या विठूचा पाय लुळा पडला होता.

पण त्या वाडीत सरकारी माणसाला कोणी दार उघडत नसे. दोन वर्षांपूर्वी कंपनीसाठी जमीन मोजायला आले, तेव्हा लाठ्या चालल्या. डोक्याला मार लागून बायजाबाई गेली. मिठागराच्या बांधाची राखण तिच्याकडे असे. उधाणात बांध फुटला, खांड गेली, की तिची हाक यायची आणि घरंच्या घरं तान्ह्या लेकरांसकट बांधावर धावायची. तिच्या उजव्या हाताला चारच बोटं. पाचवं बोट पाणी अडवायच्या फळीखाली चिरडून गेलेलं.

तिची नात सगुणा दाराआडून म्हणाली, "जा नाना. तुमच्यावर राग नाय. पण हे पाजलं की पोरं पुढं वांझ व्हतात म्हणं. मग जमिनीला वारस कोन?"

"माझ्या नातीला पाजलंय गो मी."

"तुमच्या नातीची जमीन कोन मागतंय?"

हिरामण दारातून मागे फिरला. तो बांधावर जाऊन, डबा मांडीवर घेऊन बसला. दिवस बुडाला. अवसेचं उधाण चढत होतं, खाऱ्या चिखलाचा वास नाकात भरत होता. अर्धाअधिक बर्फ वितळून डब्यात पाणी डुचमळू लागलं. मग वारा पडला. लाटांची चुळबूळही थांबली. आणि त्याच्या पाठीमागून, अगदी कानाशी...

"खांड गेली गो... खांड..."

त्याला मान वळवता येईना.

वाडीत कंदील हलले. गडी घमेली घेऊन, बाया पोरं कडेवर मारून धावत आल्या. सगुणाचा नवरा हितेश बॅटरी मारत पार टोकापर्यंत जाऊन आला. बांध धड होता.

"नाना, तुम्ही वरडलात?"

"नाय रे. बाईमाणसाचा आवाज होता..."

"ठाव हाय," सगुणा हळू म्हणाली. "आजीचा होता."

मग सगुणानं कडेवरच्या लेकीचे, दिशाचे गाल दोन बोटांनी दाबून तोंड उघडलं.

"पोरांना घेऊन बोलावलंन तिनं. उगीच नाय बोलावणार. पाजा, नाना."

दोन थेंब पडले. दिशानं असं काही तोंड वाकडं केलं, की मागून कोणीतरी खुदकन हसलं. लाठ्या चालल्यापासून त्या बांधावर कोणी हसलं नव्हतं. बाकीच्या बाया न सांगताच रांगेला लागल्या. विठूच्या आईनं धाकट्याला पुढं केलं आणि पदरानं डोळे पुसले. हिरामणनं थेंब एकही वाया जाऊ दिला नाही.

परतताना त्याला डबा पिसासारखा हलका वाटला. फाट्यावर जीपच्या उजेडात वाट पाहत थांबलेली नर्सबाई म्हणाली, "नाना, डबा चिखलात ठेवला होतात का?"

त्यानं तर तो मांडीवरून खाली ठेवलाच नव्हता.

झाकणावर खाऱ्या चिखलाचा पंजा उमटला होता, अजून ओला. बर्फ टिकावा म्हणून झाकण वरून दाबून धरावं, तसा. हिरामणनं तो पुसला नाही. नुसती बोटं पाहिली.

चार.